भर वेगात बंद पडणारं आउटबोर्ड : कर्ली खाडीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. तिथून आत, खाडीच्या काठाने वसलेल्या एका गावातली ही होडी, आणि तिच्या मागे बाहेरून अडकवलेलं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. मालक पन्नाशी ओलांडलेले. भाच्याला सोबत घेऊन फायबरच्या लहान होडीतून ते कांडाळी, म्हणजे मासे अडकवायची जाळी, टाकतात. एरवी खाडीत, आणि समुद्र शांत असला तर संगमाच्या थोडं बाहेर. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. इंजिनाबाबतचं काही गाळलेलं नाही.

इंजिन जपानी बनावटीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, ९.९ अश्वशक्तीचं, दोरी ओढून सुरू होणारं. सेकंड हँड घेतलं तेव्हाच ते जुनं होतं. ऑइलची वेगळी टाकी नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. इंजिन तापलं तर वाजणारा बझरही नाही. या दोन्ही गोष्टींनी पुढे बराच घोळ घातला.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मेच्या अखेरीला इंजिन उतरवून पडवीत खांबाला टेकवून ठेवलं, वर प्लास्टिक बांधलं. टाकीत अर्ध्याच्या आसपास पेट्रोल उरलं होतं, ते तसंच राहिलं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रूही उघडा राहिला. किनाऱ्यावर बहुतेक घरांत इंजिनाची पावसाळी व्यवस्था अशीच असते.

अडचण

ऑगस्टमध्ये इंजिन दोन-तीन ओढींत पेटलं. आवाज नीट, थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडतेय, गिअर पडतोय. होडी काठावरून निघाली, मूठ पूर्ण पिळली, आणि थोडं अंतर गेल्यावर इंजिनाचा दम गेला. आवाज खाली आला, दोन आचके दिले आणि बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबून दोरी ओढली तर पुन्हा पेटलं, हळू चालवलं तर घरी आलं. पुन्हा मूठ पिळली की पुन्हा तोच प्रकार. मालकांच्या शब्दांत, "पेटता बरा, पण जोर घेणा नाय."

"गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू" असं ऐकलं की जाणता मेकॅनिक लगेच ठिणगीच्या कॉइलचं नाव घेतो. तिच्या आतली तार किंवा सीडीआयमधला (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतला) भाग तापल्यावर दगा देतो आणि निवल्यावर परत काम करतो, हे खरंच घडतं. पण इंधन कमी पोचत असेल तरी लक्षणं हुबेहूब हीच दिसतात, कारण थांबल्यावर कार्बुरेटरची वाटी हळूहळू पुन्हा भरते. थंड करणारं पाणी कमी पडत असेल तरी हीच: पिस्टन तापून फुगतो, जखडायला लागतो, निवला की मोकळा होतो. तीन वेगळे आजार आणि लक्षण एकच. या प्रकरणात वेळ गेला तो मुख्यतः इथे.

घरच्या पिंपातली तपासणी

भाचा दुचाकीच्या गॅरेजात शिकलेला, हात चांगला. त्याने अंगणात पाण्याचं पिंप ठेवलं, पंखा (प्रोपेलर) काढला, इंजिन फळीवर अडकवून पिंपात सोडलं आणि सुरू केलं. सुरळीत चाललं. वाट बघितली तरी बंद पडेना. मग त्याने कार्बुरेटर खोलला. वाटीच्या तळाशी पिवळट चिकट थर होता आणि लहान जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक अर्धं बुजलेलं. ते साफ करून जोडलं. त्याच बैठकीत प्लग नवे घातले आणि हवेच्या मिश्रणाचा स्क्रूही थोडा फिरवला.

होडीवर नेल्यावर इंजिन आधीपेक्षा पटकन पेटलं, हळू वेगातली धडधड गेली, पण भर वेगातलं बंद पडणं जसंच्या तसं. तेव्हा कार्बुरेटर पुन्हा खोलला गेला.

पिंपात इंजिनाला काही ओढावं लागत नाही. या मापाचं टू-स्ट्रोक इंजिन भर वेगात तासाला चार-पाच लिटर पेट्रोल पितं. पिंपात रिकामं गुरगुरताना त्याचा लहानसा हिस्सा. म्हणजे नळी अर्धी बंद असली तरी पिंपात पुरेसं इंधन पोचतं. पाण्याचा पंप झिजलेला असला तरी तेवढ्या उष्णतेला पुरतो. कॉइलही तितकी तापत नाही. पिंपातल्या चाचणीतून इंजिन पेटतं आणि धार पडते एवढंच कळतं. या दोषाबद्दल ते पिंप काहीच सांगू शकत नव्हतं.

दुसरं म्हणजे तीन बदल एकदम झाले. सुधारणा झाली ती जेटमुळे, प्लगमुळे की स्क्रूमुळे, हे कळायची सोय उरली नाही. स्क्रू मुळात किती वेढे बाहेर होता याची नोंद नव्हती, त्यामुळे मागे जाता येईना. स्क्रू हलवण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन वेढे मोजायचे आणि ती संख्या इंजिनाच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवायची, एवढं पुरतं.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर मालकांनी मला विचारलं. पर्याय चार होते.

तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकने फोनवरच लक्षणं ऐकून कॉइल आणि सीडीआय बदलायला सांगितलं होतं. खर्च पाच आकडी, सामान मागवायला आठवडा-दीड आठवडा. दुसरा पर्याय, ओळखीतलं एक सेकंड हँड इंजिन घेणं. पण त्याचाही पूर्वेतिहास कोणाला ठाऊक नव्हता. एक कोडं सोडून दुसरं घरी आणण्यातला प्रकार. तिसरा, हळूच चालवत हंगाम काढणं. मालकांचा कल इकडे होता आणि तो समजण्यासारखाही होता: नारळी पौर्णिमा जवळ आलेली, खाडीत मुडदुसे लागत होते, आणि इंजिन अगदीच मेलेलं नव्हतं.

तिसऱ्या पर्यायाला मी ठाम विरोध केला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल कमी पोचलं तर ऑइलही कमी पोचतं, कारण वंगण त्याच थेंबांतून येतं. चार-स्ट्रोक गाडी पेट्रोल कमी पडल्यावर नुसती अडखळते. इथे अडखळण्याच्या प्रत्येक वेळी पिस्टन आणि सिलिंडर कोरडे घासतात. दोष इंधनाचा असेल तर "असंच चालवू" म्हणजे रोज थोडं थोडं इंजिन संपवणं.

उरला चौथा: घरीच शोध घ्यायचा, पण क्रम बदलून. कोणताही भाग विकत घेण्याआधी इंजिनाचा गाभा शाबूत आहे का ते बघायचं, आणि मग दोष जिथे दिसतो तिथेच, म्हणजे पाण्यात, भर वेगात, बंद पडतानाच पकडायचा.

आधी कॉम्प्रेशन

गॅरेजातून कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं, मीटर आणलं. दोन्ही प्लग काढले, त्यांच्या तारा जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडल्या. ही पायरी टाळू नये. तार मोकळी ठेवून दोरी ओढत राहिलं तर चांगलं सीडीआयही जळू शकतं, शिवाय शेजारी पेट्रोलची वाफ असते. मूठ पूर्ण उघडी ठेवून दोरी ओढली. वरचं सिलिंडर ११० पीएसआयच्या जवळ, खालचं १०५. दोघांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असला की अशा इंजिनाला पुरे म्हणतात.

एखादं सिलिंडर साठ-सत्तरवर आलं असतं तर हे प्रकरण तिथेच संपवून सेकंड हँड इंजिनाकडे वळणं शहाणपणाचं होतं. म्हणून ही चाचणी पहिली हवी. इथे ती कार्बुरेटर दोनदा खोलल्यानंतर आली.

पाण्यातली चाचणी

समेची वेळ निवडली, जेव्हा भरतीचा किंवा ओहोटीचा ओढा नसतो. होडीत दोन वल्ही, दोरी आणि लोयली (नांगर). काम वाटून घेतलं: मालक हँडलवर, भाच्याचा एक हात इंधनाच्या नळीतल्या रबरी फुग्यावर आणि नजर ठिणगीच्या टेस्टरवर. हा टेस्टर प्लग आणि त्याच्या टोपीमध्ये बसतो, ठिणगी गेली की लुकलुकतो, आणि फार स्वस्त असतो. माझ्याकडे पाण्याची बाटली, सिलिंडरच्या डोक्यावर थेंब टाकून बघायला. कोविडच्या काळातलं कपाळावर धरायचं थर्मामीटर भाच्याने हौसेने आणलं होतं. ते अंगाच्या तापापुरतंच मोजतं, त्यामुळे खिशात गेलं.

मूठ पिळली. थोड्या वेळाने आवाज खाली येऊ लागला. टेस्टर शेवटपर्यंत नीट लुकलुकत होता, इंजिन फिरायचं थांबेपर्यंत. म्हणजे ठिणगी होती. थेंब टाकला, चुरचुरला नाही, म्हणजे इंजिन फार तापलेलं नव्हतं. आणि भाचा ओरडला, "मामानू, फुगो बघा, चपटो झालो!"

फुग्याने अर्धं उत्तर दिलं. इंजिन दम टाकत असताना फुगा कडक असेल आणि दाबल्यावर वेग परत येत असेल, तर इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा डायफ्रामचा पंप कमजोर. फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर पंप ओढतोय, पण टाकीकडून येणारी वाट बंद आहे. हवेचा स्क्रू उघडा होता. खात्रीसाठी अख्खं झाकण काढून पुन्हा चालवलं, फरक नाही. म्हणजे अडथळा टाकीच्या आतल्या गाळणीत किंवा टाकी आणि फुग्यामधल्या नळीत.

तेव्हा भाच्याला आठवलं की पहिल्या दिवशी इंजिन मरत असताना त्याने चोक ओढला होता आणि ते क्षणभर सावरलं होतं. चोकने सावरणारं इंजिन बहुधा पेट्रोलला भुकेलेलं असतं. ठिणगी गेलेलं इंजिन चोकने सावरत नाही. हा धागा पहिल्याच दिवशी हातात होता. कोणी विचारलं नाही म्हणून तो सांगितलाही गेला नाही.

शेजाऱ्याची टाकी आणि नळी उसनी घेऊन जोडली. इंजिनाने जोर घेतला आणि धरून ठेवला. मालकांनी संगमाकडे तोंड वळवलं. कॉइल-सीडीआयचा खर्च वाचला, असं सगळ्यांना वाटलं.

दुसरा दोष

बऱ्याच वेळाने आवाज पुन्हा बदलला. या वेळी आचके नव्हते. जड ओझं ओढल्यासारखा आवाज, वेग हळूहळू उतरणारा. फुगा कडक होता. मागे बघितलं तर पाण्याची धार बारीक झालेली आणि तिच्यातून वाफ येतेय. डोक्यावर टाकलेला थेंब चुरचुरला. मालकांनी मूठ ताबडतोब सोडली आणि इंजिन बंद केलं. येताना वल्ही मारत आलो.

पहिल्या दोषाने दुसरा झाकून ठेवला होता. इंधन तुटत असल्यामुळे इंजिन तापण्याइतका वेळ भर वेगात कधी चाललंच नव्हतं. नळी बदलून "झालं" म्हणत थेट समुद्रात गेलो असतो, तर बझर नसलेलं हे इंजिन बाहेर कुठेतरी जखडलं असतं. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी काठाजवळ, निदान अर्धा तास, धारेवर नजर ठेवून करायची ती यासाठी.

नळी आणि टाकी

जुनी नळी ब्लेडने उभी चिरली. बाहेरून रबर धड, भेग नाही. आतला थर मात्र सुटून त्याची जीभ लोंबत होती. जोराने ओढ लागली की ती वाट बंद करायची, ओढ संपली की मोकळी. फुंकर मारून बघितली असती तर नळी साफच वाटली असती.

कारण बहुधा पेट्रोलमधलं इथेनॉल. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि आता सर्वत्र तेच मिळतं. जुन्या रबराला ते फुगवतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीतलं उरलेलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओतून ठेवलं, तर तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसला: पाणी आणि इथेनॉल. उघड्या स्क्रूतून आलेला दमट वारा आणि कदाचित पावसाचे थेंब, दोन महिन्यांत एवढं करतात. ते पेट्रोल टाकून दिलं. ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. खालचा थर इंजिनात गेला असता तर ऑइलशिवाय गेला असता.

नवी नळी तेवढ्याच आतल्या व्यासाची, इथेनॉल चालेल असं लिहिलेली, स्टीलच्या क्लिपांसह. फुगाही बदलला. टाकीतली गाळणी घासून साफ. या सगळ्याला एक दुपार लागली.

खालचा गिअरबॉक्स आणि अडलेला बोल्ट

पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, खालच्या गिअरबॉक्सच्या माथ्यावर असतं. तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेले स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला धरून बसलेले असतात. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पूड बोल्टभोवती फुगून पक्की होते.

दोन बोल्ट सहज सुटले. तिसरा पाना लावल्यावर थोडा फिरला, पण तो फिरणं नव्हतं, पीळ होता. सोडला की परत येणारा. हाताला हे कळलं पाहिजे. इथून पुढे जोर लावला तर बोल्ट तुटतोच. पाना खाली ठेवला. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर सोडलं. दुसऱ्या दिवशी पेट्रोलची टाकी, नळी आणि डबे अंगणापलीकडे नेऊन ब्लो-टॉर्चने बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम तापवलं, बोल्ट नव्हे. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त पसरतं आणि पकड सैल होते. आधी किंचित आवळला, मग सोडला, पुन्हा आवळला. आला.

चौथा एवढं करूनही डोक्यापाशी तुटला. भाच्याने ड्रिल उचललं. इथे आम्ही थांबलो. हाताने धरलेलं ड्रिल कडक स्टीलवरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं, आणि मग भोक कायमचं वाकडं. उरलेला तुकडा दोन-तीन मिलिमीटर बाहेर होता. इंजिन कुडाळच्या एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेलं. त्याने तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड केला, लाल असतानाच पाना लावला आणि तुकडा बाहेर काढला. वेल्डिंगची उष्णताच अर्धं काम करते. घरच्या दुरुस्तीत बाहेर दिलेलं एवढं एकच काम.

गिअरबॉक्स उतरल्यावर इम्पेलरची सगळी पाती एका बाजूला वाकून तशीच राहिलेली दिसली, एकाचा तुकडा गायब. संगमाजवळच्या उथळ पाण्यात वाळू ढवळली जाते. पंपाच्या स्टीलच्या वाटीवर तिचे ओरखडे होते. गायब तुकडा शोधणं गरजेचं असतं, नाहीतर तो वरच्या पाण्याच्या वाटेत अडकून नव्या इम्पेलरलाही बाद ठरवतो. तो पाण्याच्या नळीच्या तोंडाशी सापडला. नवा इम्पेलर साबणाचं पाणी लावून, दांडा चालण्याच्या दिशेने फिरवत बसवला, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. वाटीही बदलली. बोल्टांना परत घालताना मरीन ग्रीस.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, मिठाने जखडला होता. खाऱ्या पाण्यावर थंड होणाऱ्या अशा इंजिनांत तो साधारण ५० अंश सेल्सियसच्या आसपास उघडू लागतो. पाणी त्याहून फार तापू दिलं तर क्षार जास्त साचतात. टोपातल्या पाण्यात टाकून खालून आच दिली, पाणी उकळलं तरी तो हलला नाही. व्हिनेगरमध्ये ठेवूनही नाही. "काढून टाकूया, माझ्या भावान तसाच केल्यान," असं मालक म्हणाले, आणि किनाऱ्यावर अनेकजण तसंच करतात. काढला तर इंजिन तापत नाही हे खरं, पण हळू वेगात ते थंडच राहतं, पेट्रोल नीट जळत नाही आणि प्लग काळे पडतात. कांडाळी ओढताना तासन्‌तास हळूच चालणाऱ्या होडीला हे परवडत नाही. नवा घातला.

निष्पत्ती

मिश्रणाचा स्क्रू दीड वेढ्यावर आणून, पाण्यात कानाने ऐकत थोडा जुळवला. काठाजवळच्या लांब फेरीत धार जाड राहिली, डोक्यावर हात दोन-तीन सेकंद टेकवता येत होता, फुगा कडक. इंजिन त्या हंगामात परत बंद पडलं नाही. सामान, वेल्डिंग आणि कुडाळची ने-आण धरून खर्च कॉइल-सीडीआयच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी आला. ते भाग बदलले असते तर इंजिन पुन्हा तसंच बंद पडलं असतं, आणि मग संशय नव्या भागांवर गेला असता. नारळी पौर्णिमा मात्र हुकली.

वेगळं काय करता आलं असतं

कॉम्प्रेशन पहिल्या दिवशी. मग पाण्यातली चाचणी, कार्बुरेटरला हात लावण्याआधी. उसनी टाकी जोडून बघायला पाच मिनिटं लागतात आणि एकही स्क्रू सोडावा लागत नाही. ते सुरुवातीलाच केलं असतं तर कार्बुरेटर दुसऱ्यांदा खोलला गेला नसता. जेट साफ करणं वाया गेलं असं मात्र म्हणता येणार नाही, ते कधीतरी करायचंच होतं.

इम्पेलरबद्दल माझं मत मालकांना अजून पटलेलं नाही. वाळूच्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनाचा तो दर पावसाळ्यात बदलावा, चांगला दिसला तरी, असं मी म्हणतो. त्यांचं म्हणणं, "बरो आसा तो कित्याक फेकूचो?" निदान दरवर्षी उतरवून बघायचं आणि बोल्टांना ग्रीस लावायचं, एवढ्यावर तडजोड झाली. बोल्ट दरवर्षी हलले तर पुन्हा कुडाळ गाठावं लागणार नाही.

एक काम जाणूनबुजून मागे ठेवलं. गिअरबॉक्समधलं ऑइल दुधाळ निघालं होतं, म्हणजे आत पाणी जात होतं. पंख्यामागे दांड्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळलेला सापडला, त्याने सील कापलं होतं. सील काढायला लागणारा ओढणारा जाक हाताशी नव्हता आणि हंगाम सुरू झालेला. दोरा काढला, ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या भोकातून वरच्या भोकापर्यंत भरलं, वॉशर नवे घातले, आणि दर आठवड्याला खालचा स्क्रू किंचित सैल करून पहिला थेंब बघायचा असं ठरलं. दिवाळीपर्यंत थेंब स्वच्छ होता, नंतर हळूहळू फिकट. ऑइल दोनदा बदलून हंगाम निभावला. पुढच्या जूनमध्ये इंजिन पडवीत गेलं ते टाकी रिकामी करून, कार्बुरेटरची वाटी कोरडी करून, गोड्या पाण्याने धुऊन. आणि सील त्याच आठवड्यात बदललं गेलं.